फाइल मागितली, की नुसता हात लागला?

सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये फाइलचं नाव दिसतं, आकार दिसतो, शेवटचा बदल कधी झाला ती तारीखही दिसते. तरीही फाइल तिथे नसते. नाव, आकार, तारीख आणि कोणाला ती उघडता येईल याची नोंद एवढंच डिस्कवर शिल्लक ठेवलेलं असतं. आतला मजकूर टेपवर, दुसऱ्या स्वस्त डिस्कवर किंवा क्लाउडमध्ये हलवलेला असतो. मागे उरलेल्या या पोकळ फाइलला सर्व्हर सांभाळणारे लोक ‘स्टब’ म्हणतात. लिनक्सवर यादी काढली तर अशा एखाद्या फाइलचा आकार समजा ४० जीबी दिसतो, आणि तिने डिस्कवर किती जागा अडवली आहे असं विचारलं तर उत्तर शून्याच्या आसपास येतं. दोन्ही उत्तरं खरी असतात.

हा सगळा खटाटोप पैशांसाठी. सर्व्हरवर साठलेल्या फायलींपैकी बऱ्याचशा पहिल्या काही महिन्यांनंतर कोणी उघडत नाही. पण त्या पुसायची कोणाची तयारी नसते, आणि कायद्याने पुसता येत नाहीत असेही कागद असतात. त्यांना वेगवान, महागड्या डिस्कवर ठेवणं परवडत नाही. उलट एलटीओ जातीच्या नवव्या पिढीच्या एका टेप कार्ट्रिजमध्ये १८ टीबी मावतात, आणि ती खणात पडून असताना एक युनिटही वीज लागत नाही. म्हणून जुन्या फायली खालच्या, स्वस्त थरावर हलवायच्या आणि कोणी मागितल्या की वर आणायच्या, अशी व्यवस्था रूढ झाली. तिचं इंग्रजी लघुरूप एचएसएम.

फाइल खाली पाठवणं हा या व्यवस्थेतला सोपा भाग आहे. ‘१८० दिवसांत न उघडलेली, एक एमबीपेक्षा मोठी फाइल हलवा’ असा एक नियम लिहिला, की रात्री सर्व्हर आपलं काम उरकतो. चुकलं तर फार तर थोडी जागा मोकळी व्हायची राहते. परतीचा प्रवास मात्र दिवसाढवळ्या, माणूस पडद्यासमोर बसलेला असताना होतो. तो कसा व्हावा हे ठरवताना चूक झाली, तर ज्यांच्या फायली वरच्या डिस्कवरच आहेत त्यांचंही काम अडतं.

आधी सांगून येणारे वाचक

आयबीएमने १९७४ मध्ये ३८५० नावाची साठवण यंत्रणा आणली. भिंतभर षटकोनी खण, प्रत्येक खणात गुंडाळलेल्या चुंबकीय फितीचं एक कार्ट्रिज, आणि ती काढून-घालणारा यांत्रिक हात. एका कार्ट्रिजमध्ये ५० एमबी. दोन कार्ट्रिज मिळून त्या काळच्या ३३३० या डिस्कच्या एका संचाएवढा डेटा भरायचा, आणि सगळ्यात मोठ्या यंत्रणेची क्षमता होती ४७२ जीबी. मेनफ्रेमवरच्या प्रोग्रॅमला आपण डिस्कच वाचतोय असं वाटायचं. पडद्याआड मात्र डेटा कार्ट्रिजवरून डिस्कवर उतरवला जायचा. या उतरवण्याला ‘स्टेजिंग’ हा शब्द तेव्हापासून चालत आला आहे. १९७८ मध्ये आयबीएमने मेनफ्रेमसाठी एचएसएम हे सॉफ्टवेअर दिलं आणि ही कल्पना यंत्राच्या रचनेतून नियमांच्या वहीत आली.

मेनफ्रेमच्या जगात एक मोठी सोय होती. काम बॅचने चालायचं, आणि प्रत्येक कामाच्या सुरुवातीलाच त्याला कोणकोणत्या फायली लागणार हे लिहून द्यावं लागायचं. यंत्राला ती यादी वाचून, टेप चढवून, मगच काम सुरू करता यायचं.

फाइल सर्व्हरवर असं कोणी सांगत नाही. तिथे शेकडो संगणक एकाच वेळी जोडलेले असतात आणि सर्व्हरपर्यंत पोहोचते ती फक्त ‘उघड’ आणि ‘या जागेपासून इतके बाइट वाच’ अशी विनंती. ती लेखापरीक्षकाने केली, फोल्डर चाळणाऱ्याने केली, की रात्री फिरणाऱ्या अँटीव्हायरसने, हे त्या विनंतीवर लिहिलेलं नसतं. या प्रकरणात पुढे येणारी प्रत्येक सेटिंग म्हणजे एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायची धडपड आहे: ज्याने या फाइलला हात लावला, त्याला ती खरोखर हवी होती का?

फाइल वर येते कशी

स्टब वाचायचा प्रयत्न झाला की कोणीतरी मध्येच थांबवायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याच्या हातात रिकामे बाइट पडतील. एक्स-ओपन या संस्थेने १९९७ मध्ये त्यासाठी एक प्रमाण आखून दिलं. त्यानुसार फाइलच्या विशिष्ट भागावर खूण करून ठेवता येते. त्या भागाला वाचणारा, लिहिणारा किंवा तो कापणारा कोणी आला, की फाइल सिस्टीम त्याला जागच्या जागी रोखते आणि साठवणीचा कारभार पाहणाऱ्या प्रोग्रॅमला वर्दी देते. मजकूर परत आणून झाला की रोखलेल्याला सोडून देते. आपल्या वाचनात खंड पडला हे त्याला कळतही नाही. फक्त वेळ गेल्याचं जाणवतं.

नेटॅपच्या फाइल सर्व्हरमध्ये हीच वर्दी ‘एफपॉलिसी’ नावाच्या सोयीतून जाळ्यावरच्या दुसऱ्या एका सर्व्हरला पाठवली जाते आणि मजकूर कुठून आणायचा ते तो पाहतो. विंडोज २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘रिमोट स्टोरेज’ या नावाने अशीच सोय दिली होती. तिच्यासोबत रुळलेली ‘ऑफलाइन’ ही फाइलवरची खूण आजही वापरात आहे. एक्सप्लोररमध्ये काही फायलींच्या चिन्हावर करडी फुली दिसते, ती हीच.

आता वेळेचा हिशेब करू. मजकूर टेपवर असेल तर आधी यांत्रिक हाताने कार्ट्रिज शोधून ड्राइव्हमध्ये घालायची, ड्राइव्हने ती फीत ताणून तयार व्हायचं, मग फाइल जिथे आहे तिथपर्यंत फीत पळवायची. एलटीओ-९ ची फीत १,०३५ मीटर लांब असते. सगळं धरून सरासरी मिनिट-दीड मिनिट सहज जातं. मात्र एकदा वाचन सुरू झालं की सेकंदाला ४०० एमबीपर्यंत वेग मिळतो. म्हणजे ४० जीबीची चित्रफीत हवी असेल तर वाचायला १०० सेकंद आणि पोहोचायला जवळपास तेवढेच. सौदा वाईट नाही. पण दोन एमबीचं पत्र हवं असेल, तर सेकंदाच्या दोनशेव्या भागात संपणाऱ्या वाचनासाठी मिनिटभराहून जास्त खोळंबा. टेपवर छोट्या फायली सुट्या पाठवू नयेत, असं अनुभवी अॅडमिन का सांगतात ते या गणितात दिसतं.

थांबायचं कोणी?

मिनिटभर थांबणं एका माणसाला चालेल. सर्व्हरला चालत नाही.

जाळ्यावरून फायली पुरवणारा लिनक्सचा एनएफएस सर्व्हर वर्षानुवर्षं आठ धाग्यांच्या मूळ सेटिंगने चालत असे: एका वेळी आठ विनंत्या हातात. त्यातली एखादी विनंती टेपवरच्या फाइलची निघाली आणि सर्व्हर मजकूर येईपर्यंत तिच्यापाशी उभा राहिला, तर एक धागा अडकला. आठ जणांनी आठ जुन्या फायली उघडल्या की नवव्याची फाइल, ती समोरच्या डिस्कवर असली तरी, उघडायला कोणी उरत नाही. मदतकेंद्राला फोन येतो तो ‘सर्व्हर हँग झालाय’ असा. तपासायला गेलं तर प्रोसेसर रिकामा, डिस्क रिकामी, जाळं रिकामं.

यावरचा उपाय १९९५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीच्या दस्तऐवजातच आहे. तिथे त्रुटींच्या यादीत ‘ज्यूकबॉक्स’ नावाचा एक संकेत सापडतो. त्या काळी प्रकाशीय तबकड्या आलटून-पालटून चढवणाऱ्या यंत्रांना ज्यूकबॉक्स म्हणत. अर्थ असा: विनंती पोहोचली, काम सुरू केलंय, पण आत्ता लगेच होणार नाही; थोड्या वेळाने पुन्हा विचारा. फाइल खालच्या थरावर गेलेली असेल तर सर्व्हरने हेच उत्तर द्यावं, असं त्या दस्तऐवजात सांगितलेलं आहे. लिनक्सचा क्लायंट हा संकेत मिळाला की पाच सेकंद थांबून पुन्हा विचारतो. चौथ्या आवृत्तीत या संकेताचं नाव बदललं, काम तेच राहिलं. सर्व्हरचा धागा लगेच मोकळा होतो आणि थांबण्याचं ओझं मागणाऱ्यावर जातं.

म्हणून मांडणी करताना पहिल्यांदा दोन गोष्टी पाहायच्या. सर्व्हर थांबणाऱ्याला धरून ठेवतो की ‘नंतर या’ म्हणून परत पाठवतो? आणि फाइल वर परत आणणं म्हणजे ‘रिकॉल’; असे रिकॉल एका वेळी किती चालू द्यायचे याला मर्यादा आहे का? ही मर्यादा टेप ड्राइव्हच्या संख्येशी जुळलेली हवी. चार ड्राइव्ह असताना शंभर रिकॉल एकदम सोडले, तर शहाण्णव रांगेतच उभे राहणार. त्यांनी सर्व्हरचे धागे अडवून उभं राहण्यात कोणाचाच फायदा नाही.

रिकॉलचं वादळ

समजा एका फोल्डरमध्ये ५,००० छायाचित्रं आहेत आणि सगळी टेपवर गेली आहेत. कोणीतरी तो फोल्डर उघडतो. त्याला एकच छायाचित्र हवं आहे. पण त्याच्या संगणकाला प्रत्येक छायाचित्राची छोटी प्रतिमा दाखवायची हौस असते. त्यासाठी तो पाचही हजार फायली उघडायला निघतो. एका फाइलला दीड मिनिट आणि चार ड्राइव्ह धरले, तर हे काम ३१ तास चालेल. ज्याने फोल्डर उघडला तो पाचव्या मिनिटाला कंटाळून निघून गेलेला असतो. त्याने सोडलेली रांग मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत ड्राइव्ह फिरवत राहते.

या वादळाला तोंड फोडणारे बरेच असतात. अँटीव्हायरस प्रत्येक फाइल वाचतो. शोधसूची बनवणारा प्रोग्रॅम प्रत्येक फाइल वाचतो. फोल्डरभर एखादा शब्द शोधायची लिनक्सवरची साधी आज्ञा प्रत्येक फाइल वाचते. फाइल कोणत्या प्रकारची हे ओळखणारी आज्ञा पहिले काही बाइटच पाहते, पण स्टबला तेवढेही पुरतात. दोन ठिकाणच्या फायली जुळवणारा आरसिंक नुसता आकार आणि तारीख पाहत असेल तर धोका नाही. ‘मजकूर ताडून पाहा’ असा पर्याय दिला की तो सगळं टेपवरून ओढून आणतो.

सर्वांत घातक असतो तो स्टब न ओळखणारा बॅकअप. तो रात्री सगळ्या फायली एकामागोमाग वर आणतो. डिस्क भरते. डिस्क भरली म्हणून साठवणीचा प्रोग्रॅम जुन्या फायली पुन्हा खाली ढकलतो. बॅकअप पुढच्या फायली आणत राहतो. सकाळपर्यंत दोघांनीही इमानेइतबारे काम केलेलं असतं आणि हाती काही लागलेलं नसतं.

बचावाची पहिली फळी म्हणजे ती ऑफलाइन खूण. ती सर्व्हरकडून क्लायंटपर्यंत नीट पोहोचली, तर शहाणे प्रोग्रॅम अशा फाइलला हात लावत नाहीत: एक्सप्लोरर छोटी प्रतिमा बनवत नाही, शोधसूची तिला वगळते, बऱ्याच अँटीव्हायरसमध्ये ‘ऑफलाइन फायली तपासू नका’ असा पर्याय असतो. पण खूण पोहोचली पाहिजे. विंडोज क्लायंटना लिनक्सवरून फायली पुरवणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरमध्ये आयबीएमच्या जीपीएफएस फाइल सिस्टीमसाठी एक जोडभाग आहे, आणि ही खूण दाखवायची की नाही हे त्यात सांगावं लागतं.

त्याच जोडभागात दुसरा, जास्त कडक पर्याय आहे: रिकॉल ‘नाही’ करून ठेवणं. मग स्टब उघडायचा प्रयत्न झाला की सर्व्हर सरळ परवानगी नाकारतो. फाइंडर आणि एक्सप्लोररसारख्या बेफिकीर प्रोग्रॅममुळे उठणारी रिकॉलची वादळं यामुळे टळतात, असं त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे माउसने दोनदा टिचकी मारून जुनी फाइल येणारच नाही. ती हवी तर वेगळ्या वाटेने मागावी लागेल. पहिल्यांदा ऐकताना हे अडवणुकीचं वाटतं. मोठ्या संस्था कुठे पोहोचल्या ते पुढे पाहिलं की त्यामागचा विचार पटतो.

सगळी आणायची, की लागेल तेवढीच?

फाइल खरोखर हवी आहे असं धरलं, तरी ती किती हवी हा प्रश्न उरतोच. या बाबतीत सॅम-क्यूएफएस या जुन्या प्रणालीने फार बारकाईने विचार केला होता. एलएससी या अमेरिकी कंपनीची ही निर्मिती २००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सकडे आणि पुढे ओरॅकलकडे गेली. तिच्यात प्रत्येक फाइलवर किंवा फोल्डरवर परतीचे वेगवेगळे नियम लावता येत.

पहिला नियम: फाइल खाली पाठवताना तिचा सुरुवातीचा छोटा तुकडा डिस्कवर राहू द्यायचा. फाइलचा प्रकार ओळखणारे प्रोग्रॅम तेवढ्यावर समाधान मानतात आणि टेप जागची हलत नाही. लांबलचक चित्रफितीत सुरुवातीचा भाग पाहून होईपर्यंत उरलेला वर येत राहतो.

दुसरा नियम: ही फाइल कधीच डिस्कवर उतरवायची नाही. वाचणाऱ्याला टेपवरून थेट बाइट द्यायचे आणि विषय संपला. जी प्रचंड फाइल वर्षातून एकदा, तीही थोडीशीच वाचली जाते, तिच्यासाठी डिस्कवर जागा रिकामी करायचं कारण नाही. नेटॅपने आपल्या ऑनटॅप या सर्व्हर-सॉफ्टवेअरच्या ८.३ आवृत्तीत याच जातीची सोय दिली: मजकूर दुय्यम साठ्यातून सर्व्हरमार्गे वाचणाऱ्याकडे जातो, सर्व्हरच्या डिस्कवर मुक्काम करत नाही. एकदाच वाचून सोडून देणाऱ्या बॅकअपसारख्या कामांना ती सोयीची.

तिसरा नियम पहिल्या दोहोंच्या उलट: एका फायलीला हात लागला, की त्या फोल्डरमधल्या तशीच खूण असलेल्या सगळ्या फायली वर आणायच्या. एखाद्या पुलाच्या आराखड्याच्या तीनशे नकाशांपैकी एक उघडला, तर उरलेले तासाभरात लागणार हे उघड असतं. प्रत्येक वेळी टेप चढवण्यापेक्षा एकाच फेरीत सगळे आणलेले बरे.

अमेरिकी ऊर्जा खात्याच्या प्रयोगशाळा आणि आयबीएम १९९२ पासून मिळून विकसित करत असलेल्या एचपीएसएस या प्रणालीत हाच निर्णय चार पर्यायांत मांडला आहे. फाइल उघडताच पूर्ण उतरवून मगच वाचू द्यायची. उतरवणं सुरू करून आलेला भाग वाचू द्यायचा. उघडण्याला न अडवता उतरवण्याचं काम मागे चालू ठेवायचं. किंवा उतरवायचीच नाही. पहिला पर्याय सर्वांत सरळ. दुसरा मोठ्या, क्रमाने वाचल्या जाणाऱ्या फायलींसाठी. चारही एकाच संस्थेत, वेगवेगळ्या जातीच्या फायलींसाठी, एकाच वेळी चालू असू शकतात. आपल्या सर्व्हरवर एकच नियम सरसकट लावला असेल, तर तो कुठल्या ना कुठल्या खात्याला नक्की गैरसोयीचा ठरतोय.

टेपवरची रांग

पोस्टमन बटवड्याला निघण्याआधी पत्रं गल्लीच्या क्रमाने लावून घेतो. आली त्या क्रमाने वाटत बसला तर संध्याकाळपर्यंत एकाच चौकातून वीस वेळा जाईल. टेपचंही तसंच असतं, आणि त्यात एक खोच आहे.

एलटीओ-९ च्या अर्ध्या इंच रुंदीच्या फितीवर ८,९६० माग असतात आणि ड्राइव्ह एका वेळी ३२ माग लिहितो. म्हणजे फीत भरायला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २८० फेऱ्या होतात, एक पुढे, एक मागे. त्यामुळे एकामागोमाग क्रमांक असलेल्या दोन फायली फितीवर शेजारी असतीलच असं नाही, आणि एक सकाळी व दुसरी रात्री लिहिलेली फाइल फितीच्या एकाच जागी, वेगवेगळ्या मागांवर असू शकते. कोणत्या क्रमाने वाचल्या तर फीत कमीत कमी पळेल हे ड्राइव्हलाच नीट ठाऊक असतं. म्हणून नव्या ड्राइव्हना फायलींची यादी दिली की ते वाचनाचा सोयीचा क्रम परत सांगतात. यादी जितकी लांब, तितका या क्रमाचा फायदा मोठा. एकेक फाइल मागणाऱ्याला तो मिळतच नाही.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने हा मुद्दा टोकापर्यंत नेला आहे. जून २०१७ मध्येच तिच्या टेपवरचा डेटा २०० पेटाबाइटच्या पुढे गेला. आधीची कॅस्टर ही प्रणाली बाजूला करून २०२० पासून तिथे सीटीए ही नवी प्रणाली वापरात आली. तिच्यात आधी ‘या फायली तयार ठेवा’ अशी विनंती पाठवायची आणि त्या डिस्कवर आल्या की उघडायच्या. विनंती आली की लगेच टेप चढत नाही. प्रत्येक नियमावलीत दोन आकडे असतात: विनंतीचं प्राधान्य, आणि टेप चढवण्याआधी विनंती किमान किती जुनी झालेली हवी. एका फाइलसाठी कार्ट्रिज हलवण्यापेक्षा थोडं थांबून, त्याच कार्ट्रिजवरच्या आणखी मागण्या जमल्या की एका फेरीत सगळ्या पुऱ्या करायच्या. मागणारा थोडा जास्त थांबतो; सगळ्यांचं मिळून काम कितीतरी आधी आटोपतं.

सर्नच्या ॲटलस या प्रयोगाने २०१८ मध्ये ‘डेटा कॅरोसेल’ या नावाने पुढचं पाऊल टाकलं: डिस्कवर सगळा डेटा ठेवायचाच नाही, विश्लेषणाचं काम जसजसं पुढे सरकेल तसतसा त्याच्या पुढचा हप्ता टेपवरून उतरवत राहायचा. या जगड्व्याळ साठ्याशी मुंबईचाही संबंध आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सर्नच्याच सीएमएस या दुसऱ्या प्रयोगासाठीचं दुसऱ्या फळीचं गणनकेंद्र आहे. टेपचे साठे सर्न आणि पहिल्या फळीच्या केंद्रांकडे असतात. कुलाब्यासारख्या दुसऱ्या फळीच्या केंद्रात डिस्कवर उतरलेल्या डेटावर काम चालतं.

सर्नमध्ये काय घडलं ते पाहा. फाइल सर्व्हरने हेतू ओळखायचा नाद सोडला आणि वाचकालाच आधी सांगायला लावलं. १९७८ च्या बॅच कामात जे आपोआप व्हायचं, ते आता मुद्दाम परत आणलं गेलं. एचपीईच्या डीएमएफ या साठवण-प्रणालीत आणि लस्टर या फाइल सिस्टीममध्येही फायलींची यादी देऊन त्या आधी वर मागवण्याच्या आज्ञा आहेत. सांबाचं ते कडक ‘नाही’ याच विचारातलं.

आल्यानंतर किती दिवस?

वर आलेली फाइल कायमची वर राहत नाही. बहुतेक प्रणालींत डिस्कच्या वापराला दोन रेघा आखलेल्या असतात. वापर वरच्या रेघेला पोहोचला की फायली मोकळ्या करायला सुरुवात होते आणि तो खालच्या रेघेपर्यंत उतरला की थांबते. मोकळ्या करायच्या फायली निवडताना ‘कधीपासून कोणी हात लावलेला नाही’ हे पाहिलं जातं.

हा आकडा दिसतो तितका भरवशाचा नाही. फाइल शेवटी कधी वाचली याची नोंद दर वाचनाला करणं महाग पडतं, म्हणून लिनक्सने २००९ पासून ती सरसकट न करता, ढोबळमानाने दिवसातून एकदाच करण्याची पद्धत मूळ सेटिंग म्हणून स्वीकारली. विंडोजने व्हिस्टामध्ये ही नोंद मूळ सेटिंगमध्ये बंदच केली. आणि जिथे नोंद होते तिथे बॅकअपनेही हात लावला तरी फाइल ‘ताजी’ ठरू शकते. नियमात ‘९० दिवस’ लिहिण्याआधी आपल्या सर्व्हरवर हे ९० दिवस नेमके कशावरून मोजले जातात, ते पाहून घ्यायला हवं.

नुसतं वाचायला आणलेली फाइल पुन्हा मोकळी करायला काहीच पडत नाही, कारण टेपवरची प्रत अजून खरी असते. डिस्कवरची पुसली की झालं. डीएमएफमध्ये अशा दोन्हीकडे असलेल्या फाइलसाठी वेगळी अवस्थाच आहे. पण कोणी त्यात एक अक्षर बदललं, की टेपवरची प्रत शिळी. नवी प्रत लिहावी लागते आणि जुनी जागा फितीवर मृत पडून राहते. म्हणून वर आलेल्या फाइलला किमान मुक्काम द्यावा. सकाळी आणलेली फाइल दुपारी खाली जाऊन संध्याकाळी पुन्हा मागवली गेली, तर तिन्ही फेऱ्या वाया.

क्लाउडचं बिल

टेप लायब्ररी कधीच न पाहिलेल्यांनीही आता ही व्यवस्था वापरलेली असते. २०१७ मध्ये विंडोज १० मध्ये वनड्राइव्हची अशी सोय आली, आणि घरच्या संगणकावर ढगाचं चिन्ह असलेल्या फायली दिसू लागल्या. त्याही स्टबच. कार्यालयांसाठी मायक्रोसॉफ्टची अझूर फाइल सिंक ही सेवा तेच करते. तिच्यात डिस्कचा २० टक्के भाग मोकळा ठेवणं ही मूळ सेटिंग आहे आणि सोबत ‘इतक्या दिवसांत हात न लागलेल्या’ हा नियमही लावता येतो. कोणत्या प्रोग्रॅमचं वाचन फाइल ‘ताजी’ ठरवताना मोजू नये याची यादीही देता येते. अँटीव्हायरस आणि बॅकअप यांची नावं त्या यादीत घालण्यासाठीच ती आहे.

ॲमेझॉनने २०१२ मध्ये सुरू केलेल्या ग्लेशियरमध्ये परतीचा वेग विकत घ्यावा लागतो. लवचीक प्रकारात तातडीची मागणी १ ते ५ मिनिटांत, साधी ३ ते ५ तासांत, घाऊक ५ ते १२ तासांत. त्याहून खोल साठ्यातून साधी मागणी १२ तासांत, घाऊक ४८ तासांत. परत आलेली प्रत किती दिवस राहावी हेही मागतानाच सांगायचं असतं. टेपच्या काळात वादळ उठलं तर यांत्रिक हात दमायचा आणि लोक चिडायचे. इथे ते महिनाअखेरीस बिलावर छापून येतं.

सुरुवात कुठून करावी

आपल्या कार्यालयात अशी व्यवस्था बसवायची असेल, तर पहिले काही आठवडे कोणताही हुशार नियम लावू नये. रिकॉलची नोंदवही चालू करावी, आणि तिच्यात फाइलच्या नावासोबत ती मागणाऱ्या माणसाचं आणि प्रोग्रॅमचं नाव येईल असं पाहावं. यादी लावल्यावर ज्या प्रोग्रॅमची नावं वर दिसतील, त्यांना ऑफलाइन खूण समजते का ते तपासावं. समजत नसेल तर त्यांना वगळावं किंवा त्यांच्यासाठी टेपवरून थेट वाचनाची वाट द्यावी. मग एका माणसाला, एका वेळी किती रिकॉल, ही मर्यादा ठरवावी. एकत्र वापरल्या जाणाऱ्या फायलींचे फोल्डर ओळखून त्यांना एकत्र परतीचा नियम लावावा. किमान मुक्काम आणि दोन रेघा शेवटी, खरा वापर दिसल्यावर.

आणि लोकांना यादी देऊन फायली आधीच मागवता येतील असं एक साधं पान किंवा आज्ञा जरूर द्यावी. सोमवारी सकाळी लेखापरीक्षण सुरू होणार आहे हे लेखा विभागाला शुक्रवारीच ठाऊक असतं. सर्व्हरला ते सांगायची सोय असली, तर शनिवार-रविवार टेप आपल्या सोयीच्या क्रमाने फिरतील आणि सोमवारी कोणाला थांबावं लागणार नाही. सर्व्हरला हेतू ओळखता यावा म्हणून शंभर नियम लिहिण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.